पंख्यावांचून विमान

विमान म्हटलें म्हणजे त्याच्या नाकावर गरगर फिरणारा पंखा डोळ्यांपुढें उभा राहावा, असा एक काळ होता. राइट बंधूंनीं सन १९०३ मध्यें पहिलें उड्डाण केलें, तेव्हांपासून पुढें सुमारें पस्तीस वर्षें विमानांत नाना सुधारणा झाल्या. लांकूड व कापड जाऊन धातु आला, दुमजली पंखांच्या जागीं एकेरी पंख आले, चाकें पोटांत ओढून घेण्याची सोय झाली. परंतु मोटारीच्या जातीचें दट्ट्यांचें इंजिन आणि त्यानें फिरविलेला पंखा, ही मूळ जोडी कोणी मोडली नाहीं. ती मोडण्याची कल्पना दोन तरुणांच्या डोक्यांत स्वतंत्रपणें आली. एक इंग्रज, दुसरा जर्मन. एकानें दुसऱ्यास पाहिलेलें नव्हतें, आणि दोघांच्या श्रमाचें फळ हातीं येण्याच्या सुमारास त्यांचीं राष्ट्रें एकमेकांच्या जिवावर उठलीं होतीं.

जुन्या जोडीची मर्यादा काय होती, हें प्रथम पाहिलें पाहिजे. विमान जितकें उंच जाईल तितकी हवा विरळ, आणि हवा विरळ तितका अडथळा कमी. तेव्हां वेग हवा असेल तर उंच गेलें पाहिजे. पण तेथेंच दट्ट्याच्या इंजिनास धाप लागते, कारण ज्वलनासाठीं त्याला मिळणारी हवाहि विरळच. शिवाय पंख्याचीं टोकें ध्वनीच्या वेगाजवळ पोंचलीं कीं त्यांची हवेवरील पकड सुटते आणि इंजिनाचा जोर वायां जातो. सन १९३९ च्या एप्रिलमध्यें फ्रिट्झ वेंडेल या जर्मन वैमानिकानें खास शर्यतीसाठीं बांधलेल्या विमानांतून ताशीं ४६९ मैलांचा उच्चांक केला. दट्ट्याच्या इंजिनाच्या विमानांत हा उच्चांक पुढें तीस वर्षें कोणास मोडतां आला नाहीं, एवढ्यावरून ती वाट कोठें संपत होती हें दिसून येईल. याच वेंडेलची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे.

नव्या यंत्राचें तत्त्व तसें जुनेंच, न्यूटनच्या वेळचें. ज्या श्रोत्यांनीं दिवाळींत बाण उडविला असेल त्यांना तें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आगीचा लोट मागें सुटतो आणि बाण पुढें जातो. मात्र बाणाची दारू आपला प्राणवायु आपल्याबरोबरच घेऊन जाते. झोताचें इंजिन तो वाटेंतल्या हवेंतून घेतें. तोंडाशीं असलेलें दाबचक्र समोरची हवा ओढून दाबून धरतें. त्या दाबलेल्या हवेंत रॉकेलासारखें तेल फवारून पेटवितात. तापून फुगलेला वायु मागच्या बाजूस धांव घेतो आणि जातां जातां वाटेंतील पात्यांचें एक चक्र फिरवून जातो. यासच टर्बाइन म्हणतात. हें मागचें चक्र आणि पुढचें दाबचक्र एकाच दांड्यावर बसविलेलीं असतात, म्हणून मागचें फिरलें कीं पुढचें फिरतें आणि नवी हवा आंत येते. लोहाराच्या भट्टीनें आपला भाता आपणच ओढावा, तसा हा प्रकार. टर्बाइन फिरवूनहि जो वायु उरतो, तो निमुळत्या नळींतून जोरानें बाहेर पडतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें ढकललें जातें.

सांगावयास सोपें, पण करावयास महाकठीण. १९३० च्या सुमारास दाबचक्रें व टर्बाइनें इतकीं ढोबळ बनत कीं, टर्बाइनची सगळी शक्ति दाबचक्रच खाऊन टाकी. विमान ढकलण्यास शिल्लक कांहीं उरत नसे. तीं पातीं लाल होईपर्यंत तापणार, आणि त्याच स्थितींत मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेणार. हें सोसणारा धातु तेव्हां कोठल्याहि गुदामांत नव्हता. म्हणून त्या काळच्या तज्ज्ञांनीं नकार दिला याबद्दल त्यांस अडाणी ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांची चूक निराळी होती. आज जो धातु नाहीं तो उद्यां होऊं शकेल, हा हिशेब त्यांनीं मांडला नाहीं.

फ्रँक व्हिटलचा जन्म १ जून १९०७ रोजीं कॉव्हेंट्री येथें झाला. बाप यांत्रिक, स्वतःचा लहानसा कारखाना चालविणारा. मुलगा त्या कारखान्यांत हत्यारांशीं खेळतच वाढला. पंधराव्या वर्षीं तो विमानदळांत उमेदवारीसाठीं गेला, तेव्हां उंची अवघी पांच फूट भरल्यामुळें त्यास परत लावलें. त्यानें व्यायाम करून उंची व छाती वाढविली आणि पुन्हां अर्ज केला. तोहि फेटाळला गेला. तेव्हां आपण पूर्वीं आलोंच नव्हतों अशा थाटानें त्यानें तिसऱ्यानें अर्ज केला आणि सन १९२३ मध्यें तो घेतला गेला. पुढें क्रॅनवेलच्या विद्यालयांत अधिकारी होण्याचें शिक्षण घेत असतां सन १९२८ मध्यें त्यानें एक निबंध लिहिला. विमानदळाचीं लढाऊ विमानें तेव्हां ताशीं दीडशें मैलांच्या आसपास उडत; एकवीस वर्षांच्या या विद्यार्थ्यानें विरळ हवेंत ताशीं पांचशें मैल जाण्याचा विचार मांडला होता. हें कोणत्या यंत्रानें साधेल, हें मात्र त्यासहि तेव्हां उमगलें नव्हतें. तें पुढच्या वर्षीं, वैमानिकांचा शिक्षक होण्याचें शिक्षण चालू असतां, उमगलें. टर्बाइननें पंखा फिरविण्याऐवजीं पंखाच काढून टाकावा आणि टर्बाइनमधून निघणारा झोतच विमान ढकलण्यास वापरावा, हीच ती कल्पना.

वरिष्ठांनीं त्यास हवाई मंत्रालयाकडे धाडलें. तेथें ए. ए. ग्रिफिथ या शास्त्रज्ञाचें मत घेण्यांत आलें. ग्रिफिथ सामान्य माणूस नव्हता. टर्बाइनच्या पात्यांसंबंधीं त्यानें सन १९२६ मध्येंच मूलगामी निबंध लिहिला होता आणि टर्बाइननें पंखा फिरविण्याची स्वतःची योजना त्याच्या मनांत घोळत होती. त्यानें व्हिटलच्या आंकड्यांतील एक चूक दाखविली आणि झोताची कल्पना व्यवहार्य नाहीं असा अभिप्राय दिला. त्याच विषयांत मुरलेल्या माणसाला तरुणाचें नवें पाऊल सर्वांत शेवटीं दिसावें, असें विद्येच्या इतिहासांत अनेकदां झालेलें आहे. व्हिटलनें १६ जानेवारी १९३० रोजीं पेटंटचा अर्ज केला. मंत्रालयास त्यांत कांहींच महत्त्व न वाटल्यामुळें तें गुप्त ठेवण्यांत आलें नाहीं. तें रीतीप्रमाणें प्रसिद्ध झालें, आणि जगांत कोणासहि तें वाचण्याची मुभा राहिली.

पुढें पांच वर्षें गेलीं. पेटंट चालू ठेवण्यास जानेवारी १९३५ मध्यें पांच पौंड भरावयाचे होते. व्हिटल त्या वेळीं केंब्रिजला शिकत होता. पगार तुटपुंजा, घरीं पत्नी व दोन लहान मुलें. मंत्रालयानें पैसे भरण्याचें नाकारलें, त्याच्याजवळ ते नव्हते, आणि पेटंट बुडालें. ज्या शोधावर पुढें राष्ट्रांनीं कोट्यवधि पौंड ओतले, तो पांच पौंडांसाठीं बेवारस झाला.

त्याच वर्षीं विमानदळांतील त्याचा एक जुना सोबती, रोल्फ डडली-विल्यम्स, आणि त्याचा भागीदार टिन्लिंग यांनीं त्यास गांठलें. या दोघांनीं लंडनच्या एका पेढीकडून थोडें भांडवल उभें केलें आणि सन १९३६ च्या मार्चमध्यें ‘पॉवर जेट्स’ नांवाची कंपनी निघाली. आरंभीं हातीं आलेली रक्कम सुमारें २,००० पौंड! मंत्रालयाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. व्हिटल सरकारी नोकर, म्हणून त्यानें या कामास आठवड्यांतून सहा तासांहून अधिक वेळ देऊं नये. आणि त्याच्या भागांपैकीं चौथा हिस्सा सरकारच्या नांवें राहावा. पांच पौंड ज्यांना जड झाले त्यांना चौथाई मात्र फुकट मिळाली.

रग्बी येथें ब्रिटिश टॉमसन-ह्यूस्टन कंपनीच्या कारखान्यांत हें इंजिन बांधलें गेलें. १२ एप्रिल १९३७ रोजीं व्हिटलनें तें प्रथम चालविलें. यंत्र सुरू झालें, वेग चढूं लागला, आणि तेलाची तोटी बंद केली तरीहि तो चढतच राहिला. मोठी किंकाळी फोडीत यंत्र आवरेनासें झालें. जमलेली मंडळी वाट फुटेल तिकडे पळाली. व्हिटल तेवढा तोटीजवळ उभा राहिला. धैर्यानें नव्हे, पाय हालेनात म्हणून, असें त्यानेंच पुढें सांगितलें. नंतर कळलें कीं, आधींच्या तपासणींत गळलेलें तेल ज्वलनकोठींत सांचून राहिलें होतें आणि तेंच जळत होतें. भीति खरी होती. पण टर्बाइन आपल्या भात्यास पुरून उरतें, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. कारखान्यांत इतर लोक काम करीत असल्यामुळें पुढील प्रयोग लटरवर्थ गांवाजवळच्या एका रिकाम्या ओतशाळेंत हलविण्यांत आले. तेथें पैशाअभावीं एकच इंजिन पुन्हां पुन्हां खोलून, मोडकें नीट करून, जोडावें लागे.

याच सुमारास जर्मनींत निराळाच प्रकार चालला होता. हान्स फॉन ओहाइन हा डेसाउ येथें सन १९११ मध्यें जन्मलेला, गॉटिंगेन विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकणारा, सुखवस्तु घरचा तरुण. पंख्याच्या विमानाचा गडगडाट व थरथर त्याच्या मनास खटके. उड्डाण हें सौम्य व अखंड असलें पाहिजे, असें त्यास वाटे. सन १९३३ पासून तो झोताच्या इंजिनाचा विचार करूं लागला. आपली मोटार ज्या गॅरेजांत दुरुस्तीस जाई तेथील माक्स हान या हुशार कारागिराकडून त्यानें स्वतःच्या खर्चानें एक नमुना करविला. नमुना चालला असें म्हणतां येणार नाहीं. इंधन आंत जळण्याऐवजीं बाहेर येऊन जळे आणि मागून ज्वालांच्या जिभा निघत. पण त्याचे गुरु प्राध्यापक पोल यांनीं विद्यार्थ्याची बुद्धि ओळखली आणि एर्न्स्ट हाइंकेल या विमानकारखानदारास शिफारसपत्र दिलें. हाइंकेलला वेगाचें वेड. पैसा स्वतःचा, कारखाना स्वतःचा, कोणास विचारणें नाहीं. एप्रिल १९३६ मध्यें ओहाइन व हान दोघेहि त्याच्याकडे रुजू झाले. एकाच वसंतऋतूंत इंग्लंडांतील संशोधकास आठवड्याचे सहा तास मिळाले, आणि जर्मनींतील संशोधकास अख्खा कारखाना.

ओहाइननें एक शहाणपण केलें. द्रव इंधन नीट जाळण्याचा प्रश्न मोठा कठीण, हें त्यास गॉटिंगेनलाच कळून चुकलें होतें. म्हणून प्रथम त्यानें हायड्रोजन वायूवर चालणारें इंजिन केलें. हायड्रोजन सहज पेटतो, म्हणून सन १९३७ मध्यें तें चाललें, हाइंकेलचा विश्वास बसला, आणि मग द्रव इंधनाच्या प्रश्नास सवड मिळाली. व्हिटलनें अवघड प्रश्न पहिल्याच दिवशीं हातीं घेतला आणि ज्वलनानें त्याची तीन वर्षें खाल्लीं.

२७ ऑगस्ट १९३९ रोजीं सकाळीं रोस्टॉकजवळच्या मारीनेहे येथील धांवपट्टीवरून एरिख वार्झित्झ यानें हाइंकेल १७८ हें विमान आकाशांत नेलें. जगांतील टर्बाइन-झोताचें हें पहिलें उड्डाण. पांचव्या दिवशीं जर्मन फौजा पोलंडांत घुसल्या आणि महायुद्धास तोंड लागलें. नोव्हेंबरमध्यें हाइंकेलनें हें विमान मिल्ख व उडेट या विमानखात्याच्या श्रेष्ठींस उडवून दाखविलें. त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाहीं. युद्ध झटपट संपणार अशी त्यांची समजूत होती. तात्पर्य, पैशाची अडचण नसलेल्या ओहाइनलाहि सरकारी थंडपणा चुकला नाहीं. हें उड्डाण गुप्त राहिल्यामुळें एक मौज झाली. २७ ऑगस्ट १९४०, म्हणजे बरोब्बर एक वर्षानें, इटलीनें काप्रोनी-कांपिनी नांवाचें विमान उडविलें. त्यांत दाबचक्र फिरविण्यास जुनें दट्ट्याचेंच इंजिन होतें. तरीहि बाहेरच्या जगास दुसरें कांहीं ठाऊक नसल्यामुळें पहिल्या झोतविमानाचा मान कांहीं काळ इटलीकडे गेला.

इंग्लंडांत वारें फिरलें तें जून १९३९ मध्यें. मंत्रालयाचे शास्त्रीय संशोधनाचे प्रमुख डेव्हिड पाय लटरवर्थला आले. त्यांच्यासमोर इंजिन वीस मिनिटें बिनतक्रार चाललें, आणि त्यांची खात्री पटली. ग्लॉस्टर कंपनीस विमान बांधण्याची आज्ञा झाली. ज्वलनाचा प्रश्न शेल कंपनीच्या आयझॅक लबक यानें केलेल्या फवारणीच्या नव्या तोटीनें सन १९४० मध्यें बराचसा सोडविला. १५ मे १९४१ रोजीं क्रॅनवेल येथें दिवसभर ढग होते. सायंकाळीं ते विरले, आणि पावणेआठच्या सुमारास गेरी सेअर हा वैमानिक ग्लॉस्टर ई २८/३९ घेऊन वर गेला. सतरा मिनिटें तें विमान आकाशांत होतें. ज्या क्रॅनवेलला तेरा वर्षांपूर्वीं व्हिटलनें तो निबंध लिहिला, त्याच क्रॅनवेलला त्यानें तें पाहिलें. पुढील दोन आठवड्यांच्या आंत या एकाच इंजिनानें दहा तासांचें उड्डाण पुरें केलें.

यानंतर इंजिनें शेंकड्यांनीं काढण्याचा प्रश्न आला, आणि भांडणेंहि आलीं. मंत्रालयानें काम मोटारी करणाऱ्या रोव्हर कंपनीस दिलें. रोव्हरच्या लोकांनीं व्हिटलच्या आराखड्यांत त्यास न विचारतां फेरफार आरंभिले, तो चिडला, पत्रांवर पत्रें झडूं लागलीं. दोन वर्षें अशीं गेलीं. व्हिटलची प्रकृति याच काळांत ढांसळली. दिवसा जागें राहण्याचें औषध आणि रात्रीं झोंपेचें, यांवर तो तगून होता. हा गुंता सुटला तो मंत्रालयाच्या खलित्यानें नव्हे, तर क्लिदरो गांवच्या एका खाणावळींत. तेथें रोल्स-रॉइसचे हाइव्ह्ज आणि रोव्हरचे विल्क्स जेवणास बसले असतां हाइव्ह्जनीं सुचविलें कीं, तुमचा झोताच्या इंजिनाचा कारखाना आम्हांस द्या, आमचा रणगाड्यांच्या इंजिनांचा कारखाना तुम्ही घ्या. सौदा पटला. सन १९४३ च्या आरंभीं सूत्रें रोल्स-रॉइसच्या हातीं गेलीं आणि काम झपाट्यानें पुढें सरकलें.

जर्मनींत सरकारनें शेवटीं जें इंजिन उचलून धरलें तें ओहाइनचें नव्हे. हेल्मुट शेल्प नांवाच्या एका दूरदृष्टि अधिकाऱ्याच्या प्रेरणेनें युंकर्स कंपनीच्या आन्सेल्म फ्रांझ यानें ‘००४’ नांवाचें निराळ्या धाटणीचें इंजिन रचलें. व्हिटल व ओहाइन यांच्या इंजिनांत हवा दाबचक्राच्या मध्यभागीं शिरून कडेकडे भिरकावली जाई; रवी घुसळतांना ताक भांड्याच्या कडेस फेंकलें जातें, तशी. त्यामुळें इंजिनाचा घेर मोठा होई. फ्रांझच्या इंजिनांत पात्यांच्या रांगा एकामागें एक होत्या आणि हवा सरळ आरपार जातां जातां दाबली जाई; इंजिन सडपातळ राही. करावयास तें अधिक नाजूक, पण पुढच्या काळांत जगानें मान्य केली ती हीच धाटणी. ग्रिफिथचाहि ओढा याच धाटणीकडे होता, हें येथें नमूद केलें पाहिजे.

हीं इंजिनें मेसरश्मिट २६२ या विमानासाठीं होतीं. विमानाचा सांगाडा आधीं तयार झाला आणि इंजिनें येईनात. २५ मार्च १९४२ रोजीं उच्चांकवीर वेंडेल बी.एम.डब्ल्यू. कंपनीचीं दोन झोत-इंजिनें लावून उडाला, तों दोन्हीं इंजिनें जमीन सुटतांच बंद पडलीं. सुदैवानें विमानाच्या नाकावर जुन्या पद्धतीचें एक पंख्याचें इंजिन सावधगिरी म्हणून ठेवलेलें होतें. त्याच्या आधारें तो जिवंत खालीं आला. मग युंकर्सचीं इंजिनें बसविलीं, आणि १८ जुलै १९४२ रोजीं लाइपहाइम येथून तें विमान निवळ झोताच्या बळावर उडालें. त्याचा वेग ताशीं ५४० मैलांवर गेला. दोस्तांच्या कोणत्याहि लढाऊ विमानास तो गांठणें शक्य नव्हतें.

असें अस्त्र हातीं असूनहि जर्मनीस त्याचा उपयोग कां झाला नाहीं, यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. हिटलरनें २६ नोव्हेंबर १९४३ रोजीं इन्स्टरबुर्ग येथें तें विमान पाहून ‘बाँब वाहतां येतील का’ असें विचारलें आणि पुढें त्याचें बाँबफेकें विमान करण्याचा हट्ट धरला. म्हणून उशीर झाला, असें जर्मन सेनानींनीं युद्धानंतर सांगितलें. पराभूत सेनानींना मेलेला राजा सोईचा असतो. खरें कारण इंजिनांत होतें. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम हे उष्णता सोसणारे धातु जर्मनींत दुर्मिळ झाले होते. इंग्रजांनीं टर्बाइनच्या पात्यांसाठीं निकेल व क्रोमियम यांचा ‘निमोनिक’ नांवाचा उत्कृष्ट मिश्रधातु काढला. फ्रांझला निकेलाशिवायच भागवावें लागलें. त्यानें साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन ज्वलनकोठ्या केल्या आणि पातीं पोकळ करून त्यांतून थंड हवा खेळविली. ही कारागिरी अपूर्व खरी. पण असें इंजिन दहा ते पंचवीस तासांत निकालीं निघे. वैमानिकानें वेगाची दांडी जरा घाईनें पुढें सारली तरी तें पेट घेई किंवा विझे. सन १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत तीं पुरेशा संख्येनें निघूं शकलींच नाहींत. चौदाशेंहून अधिक विमानें बांधलीं गेलीं, त्यांपैकीं सुमारें तीनशेंच प्रत्यक्ष लढलीं. उतरतांना तें विमान मंद होई. दोस्तांचे वैमानिक त्याच्या तळांवर घिरट्या घालीत तेवढ्याच घटकेची वाट पाहत. नोवोत्नी हा नामांकित जर्मन वीर ८ नोव्हेंबर १९४४ रोजीं याच विमानांत मेला.

या चढाओढीची एक किंमत यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत बहुधा लिहिलेली नसते. बाँबवर्षावामुळें जर्मन कारखाने जमिनीखालीं गेले. ऑस्ट्रियांत सांक्ट गेओर्गेन गांवाजवळ गुसेनच्या बंदिछावणींतील कैद्यांकडून डोंगर पोखरून बोगदे खणविले गेले आणि त्या बोगद्यांत मेसरश्मिट २६२ चीं धडें जोडलीं जाऊं लागलीं. उपासमार, मारहाण आणि अतिश्रम यांनीं तेथें हजारों माणसें मेलीं. त्या विमानाचें कौतुक करणाऱ्या प्रत्येक ग्रंथांत हें प्रकरण पहिल्या पानावर असावयास हवें होतें.

इंग्रजांचें मीटिऑर हें विमान जुलै १९४४ मध्यें ६१६ व्या तुकडींत दाखल झालें. वेगानें तें जर्मन विमानाहून बरेंच कमी, पण त्याचें इंजिन भरंवशाचें. त्यास काम मिळालें तें लंडनवर येणाऱ्या व्ही-१ या बिनमाणसाच्या उडत्या बाँबांचें. त्या बाँबांतहि एक ओबडधोबड झोत-इंजिनच असे. ४ ऑगस्ट १९४४ रोजीं डीन नांवाच्या वैमानिकानें असा एक बाँब गांठला आणि ऐन वेळीं त्याच्या तोफा अडकल्या. त्यानें विमान बाँबाच्या शेजारीं नेलें, आपल्या पंखाचें टोंक त्याच्या पंखाखालीं सरकविलें आणि झटक्यासरशीं बाँब उलथून टाकला. मीटिऑर शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून त्यास बराच काळ जर्मन हद्दींत जाण्याची मनाई होती. त्यामुळें इंग्रज व जर्मन झोतविमानांची समोरासमोर लढाई युद्ध संपेपर्यंत एकदांहि झाली नाहीं.

व्हिटलचें एक इंजिन मात्र १ ऑक्टोबर १९४१ रोजींच अमेरिकेस पोंचविण्याकरितां विमानांतून निघालें होतें. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें त्यावरून आपलें इंजिन केलें आणि एका वर्षांत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत अमेरिकेचें पहिलें झोतविमान उडालें. कोणास संशय येऊं नये म्हणून जमिनीवर असतांना त्याच्या नाकावर खोटा लांकडी पंखा बसवून ठेवीत! जर्मनांनीं हीच विद्या जपानला पाणबुडींतून धाडली. ती पाणबुडी आय-२९. हिंदी श्रोत्यांस तिचें नांव अपरिचित नसावें. सुभाषचंद्र बोस यांस एप्रिल १९४३ मध्यें मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीवरून जिनें उचलून घेतलें, तीच ही. जुलै १९४४ मध्यें इंजिनाचे आराखडे घेऊन ती सिंगापुरास पोंचली. इवाया नांवाचा अधिकारी थोडे कागद घेऊन तेथून विमानानें पुढें गेला. पाणबुडी मात्र जपानच्या वाटेवर अमेरिकन पाणबुडीनें बुडविली. त्या थोड्या कागदांतील एका छेदचित्रावरून जपानी यंत्रज्ञांनीं इंजिन उभें केलें, आणि त्यांचें ‘किक्का’ विमान ७ ऑगस्ट १९४५ रोजीं उडालें. आदल्या दिवशीं हिरोशिमा जळून गेलें होतें.

युद्धानंतरचा हिशेब विचित्र झाला. व्हिटलनें सर्वच झोत-उद्योग राष्ट्राच्या मालकीचा करावा अशी सूचना केली होती. सरकारनें एप्रिल १९४४ मध्यें त्याची एकट्याची कंपनी तेवढी ताब्यांत घेतली, आणि कांहीं काळानें तिला स्वतः इंजिनें रचण्याची बंदी केली. जानेवारी १९४६ मध्यें त्यानें राजीनामा दिला. सन १९४८ मध्यें त्यास सर ही पदवी व १,००,००० पौंडांचें पारितोषिक मिळालें, हें खरें. पण ज्या विद्येचा तो जनक होता तिच्या मुख्य प्रवाहांतून तो चाळिशींतच बाहेर पडला. याच वर्षीं व्हँपायर हीं पहिलीं झोतविमानें हिंदुस्थानच्या विमानदळांतहि आलीं. त्यांचें इंजिन व्हिटलच्याच धाटणीचें होतें. तत्पूर्वीं, सन १९४६ मध्यें, ब्रिटनच्या मजूर सरकारनें रोल्स-रॉइसचीं नीन व डर्वेंट हीं इंजिनें रशियास विकण्याची परवानगी दिली होती. रशियनांनीं नीनची हुबेहूब नक्कल केली आणि ती मिग-१५ मध्यें बसविली. सन १९५१ मध्यें कोरियाच्या आकाशांत ऑस्ट्रेलियन वैमानिक डर्वेंटचीं मीटिऑर विमानें घेऊन लढावयास गेले, तेव्हां त्यांच्यावर तुटून पडलेल्या मिगच्या पोटांत नीनचीच नक्कल धडधडत होती. त्यांत मार मीटिऑरनें खाल्ला.

ओहाइन सन १९४७ मध्यें अमेरिकेस गेला आणि तेथील विमानदळाच्या संशोधनखात्यांत रमला. व्हिटलहि सन १९७६ मध्यें अमेरिकेसच राहावयास गेला. दोघांची पहिली भेट सन १९६६ मध्यें एका सत्कारप्रसंगीं झाली. पुढें त्यांचा स्नेह जडला, आणि सन १९९१ मध्यें यंत्रविद्येचें मोठें असें ड्रेपर पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें. व्हिटल ऑगस्ट १९९६ मध्यें वारला, ओहाइन १३ मार्च १९९८ रोजीं.

क्रॅनवेलला सतरा मिनिटें उडालेलें तें इवलेसें ग्लॉस्टर विमान सन १९४६ पासून लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें आहे. हाइंकेल १७८ बर्लिनच्या विमानसंग्रहालयांत ठेवलें होतें. सन १९४३ च्या एका हवाई हल्ल्यांत तें जळालें. हल्ला करणारीं सारीं विमानें पंख्याचींच होतीं.